वाळवंटातला झरा, चौथा मजला

जग संपलं त्या रविवारी आमच्या बिल्डिंगचा पंप चालू करायची पाळी माझी होती.

जग कॉम्प्युटरवर संपलं होतं, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच घाबराल. माझा एक जुना मित्र एका सायंदैनिकाच्या कॉम्प्युटर पुरवणीत उपसंपादक होता. त्याने मला एक सीडी आणून दिली. परदेशातला नवा गेम, अजून बाजारात यायचा होता, आणि ही त्याची आगाऊ झलक. महायुद्ध होऊन सगळं बेचिराख झालंय, उरलीसुरली माणसं जमिनीखाली लपलीत. आपण त्यातलं एक पात्र व्हायचं, वर यायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवायचं आणि जिवंत राहायचं. "पहिल्या नजरेत कसा वाटला तेवढं लिही. रविवारी संध्याकाळी पाचच्या आत मेल कर. नावासकट छापतो," मित्र म्हणाला. मी तेहेतीस वर्षांचा होतो आणि माझं नाव तोवर फक्त लाइट बिलावर छापून आलं होतं (तेही चुकीच्या आडनावाने!). मी लगेच हो म्हटलं.

आता पंप. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकात, आमची बिल्डिंग. नाव गंगासागर. पाणी दिवसाआड. पहाटे नगरपालिकेचं पाणी खालच्या टाकीत यायचं, मग दुपारी पंप लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. चाळीस मिनिटांत वरची टाकी भरते. त्यापुढे एक मिनिट जरी पंप चालला तरी पाणी गच्चीवरून मागच्या बाजूला, मिठागरांच्या दिशेने कोसळतं. त्या मे महिन्यात वॉचमन गावाला गेला होता, म्हणून पंपाच्या पाळ्या लावल्या होत्या. मीटर रूममध्ये रजिस्टर. चालू किती वाजता, बंद किती वाजता, सही.

पाळ्या लावायची सूचना माझीच. कारण माझा संशय! पाणी कमी पडत होतं आणि तळमजल्यावरच्या हसमुखभाईंच्या कुंड्यांतले क्रोटन मे महिन्यात हिरवेगार होते. हसमुखभाई आमचे सेक्रेटरी, अकरा वर्षं बिनविरोध. मीटर रूमची दुसरी चावी त्यांच्याकडे. मी दोन आणि दोन बावीस करून मोकळा झालो होतो.

संशय घ्यायची आमच्या घराण्याला सवयच आहे. माझे वडील, अण्णा, रेल्वेत तिकीट तपासनीस होते. तीस वर्षं समोरचा प्रत्येक माणूस विदाऊट आहे असं धरून चाललेले. रिटायर झाले, परळची खोली सोडून आमच्याबरोबर भाईंदरला आले, पण नजर तीच. दारात पोस्टमन आला तरी आधी त्याला पायापासून डोक्यापर्यंत तपासायचे, मग पत्र घ्यायचे.

तर त्या रविवारी जेवणं झाली. अण्णा आडवे झाले, म्हणून मी स्पीकर बंद केले आणि गेम सुरू केला. तीनला दोन मिनिटं कमी असताना खाली गेलो, पंप लावला, रजिस्टर उघडलं. चालू, तीन वाजता. मग मनात आलं, चाळीस मिनिटांनी बंद करायला यायचंच आहे, तेव्हा पुन्हा पेन कुठे शोधा? लिहून टाकलं, बंद, तीन चाळीस. सही ठोकली आणि चार मजले चढून पुन्हा जग संपलेल्या ठिकाणी पोचलो.

अण्णा जागे होऊन माझ्याच खुर्चीशेजारी बसलेले.

"हा कोण?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हा व्यापारी आहे अण्णा. आपल्याला पाण्याची बाटली देतोय."

"केवढ्याला?"

"फुकट."

"घेऊ नकोस!"

"अहो, गेम आहे. घेतली की तो पुढची वाट सांगतो."

"फुकट पाणी? मे महिन्यात? विदाऊट आहे हा. डोळे बघ त्याचे. नाही म्हण!"

मी नाही म्हटलं. मग एक बाई आली, तिचा भाऊ हरवला होता. अण्णा म्हणाले, वर्गणी मागेल. एक म्हातारा म्हणाला, माझ्यामागे ये. अण्णा म्हणाले, मुळीच नको. अर्ध्या तासात आम्ही त्या जगातल्या उरल्यासुरल्या सगळ्या माणसांना नाही म्हणून मोकळे झालो, आणि गोष्ट जिथे सुरू होते तिथेच आमचा नायक एकटा उभा! मी वहीत लिहिलं, "कथेचा वेग किंचित संथ."

शेवटी एक पडकं दुकान सापडलं आणि आत पाण्याच्या बाटल्याच बाटल्या. मला हे सांगायला लाज वाटते, पण आम्ही तिघंही ओरडलो. (तिघं, कारण माझी बायको वैशाली कपड्यांच्या घड्या टाकून धावत आली होती.)

"घ्या! सगळ्या घ्या! ती कोपऱ्यातली राहिली!"

चाळीस बाटल्या घेतल्या. पडद्यावर सूचना आली की वजन फार झालंय, नायक आता चालू शकत नाही, काहीतरी टाका.

"दहा बाटल्या टाकतो," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू भरलेलं पिंप मोरीत उपडं करतोय.

"पाणी टाकणार?" वैशाली म्हणाली. "अहो, कालच आपण भाज्या धुतलेल्या पाण्याने लादी पुसली!"

"बंदूक टाक," अण्णा म्हणाले.

बंदूक टाकली. औषधं टाकली. नकाशा टाकला! तरी नायक हलेना. मग वैशालीनेच तोड काढली, म्हणाली, पाजा त्याला, निदान वाया तरी जाणार नाही. त्या बिचाऱ्याला आम्ही एकामागून एक एकोणीस बाटल्या पाजल्या, तेव्हा कुठे तो पाय उचलायला लागला.

आणि तेवढ्यात पाण्याचा आवाज सुरू झाला.

धबधब्यासारखा, भरघोस आवाज. आम्ही तिघांनीही कान टवकारले.

"वाळवंटात पाणी कुठून?" अण्णांनी भुवया वर केल्या.

"झरा असणार," मी म्हटलं. "लपवलेला. या गेमवाल्यांची हीच तर गंमत असते. आवाजावरून शोधायचा!"

"लपवलेला म्हणजे कोणीतरी लपवलाय. तो व्यापारी. मी मघाशीच म्हटलं होतं!"

"चेहरा बघा त्याचा, डिट्टो हसमुखभाई," मी म्हटलं.

मग काय विचारता! आम्ही त्या व्यापाऱ्याच्या झोपडीत शिरलो, त्याची भांडी पालथी केली, बिछाना उचलून पाहिला. उत्तरेला गेलो, आवाज तेवढाच. दक्षिणेला गेलो, आवाज तेवढाच. मी वहीत लिहिलं, "ध्वनिसंयोजन थक्क करणारं." वैशाली म्हणाली, "गारवासुद्धा जाणवतोय हो!" अण्णा म्हणाले, "हे पाणी खरंच पडतंय!" (खिडकी मागच्या बाजूला उघडते. गारवा खरंच येत होता.) असा सव्वा तास गेला. झरा सापडला नाही, पण पाच वाजायला दहा मिनिटं उरली होती. मी घाईघाईने लेख टाइप केला, फोनची वायर कॉम्प्युटरला लावली, नेट कुंईकुंई करत जोडलं गेलं आणि पाचला एक मिनिट असताना मेल गेला.

"आता तरी तो आवाज बंद करा," वैशाली म्हणाली. "डोकं उठलं."

मी स्पीकरच्या बटणाकडे हात नेला. बटण बंद होतं. दुपारी मीच बंद केलं होतं.

आवाज चालूच होता.

मी आयुष्यात चार मजले इतक्या लवकर कधी उतरलो नाही. पंपाचं बटण दाबलं तेव्हा खालची टाकी तळाला गेली होती. एक वरची टाकी सोडली तर दोन दिवसांचं, बत्तीस घरांचं पाणी मिठागरांना मिळालं होतं. बाकी बिल्डिंग रविवारच्या झोपेत, मागच्या अंगणात फक्त हसमुखभाई लुंगी सावरत उभे. "अरे दिलीपभाई, मैं तो सोया था, कूलर चालू! पाणी दरवाज्याच्या खालून अंदर आला ने! देखो तो, मारा सगळा कुंडा तुटला!" क्रोटन चिखलात आडवे पडले होते.

सहा वाजता अख्खी बिल्डिंग कंपाउंडमध्ये. कोणीतरी रजिस्टर आणलं. सगळ्यांनी वाचलं. बंद, तीन चाळीस, खाली माझी सही.

"दिलीप, तू बंद केला होतास ना?"

खरं सांगायला ती एकच वेळ होती. बत्तीस घरं माझ्याकडे बघत होती, अण्णा चप्पल बघत होते. मी खोटं बोललो. सरळ, तोंडावर, रजिस्टरच्या साक्षीने.

"म्हणजे काय! तीन चाळीसला बंद केला. पुन्हा कोणी चालू केला ते मला काय ठाऊक? दुसरी चावी कोणाकडे असते?"

सगळ्या माना हसमुखभाईंकडे वळल्या. ते कनवटीची चावी काढून तिच्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर वैशालीने कपड्यांच्या उरलेल्या घड्या जोरजोरात घातल्या. अण्णा म्हणाले, "मी काही ऐकलेलं नाही. मला झोप लागली होती." सोमवारी वरची टाकीही संपली आणि नळ कोरडे. संध्याकाळी बेल वाजली. दारात हसमुखभाई, हातात पाण्याने भरलेली कळशी, चार मजले चढून धापा टाकत.

"अण्णांच्या गोळ्या असतात ने. हमारे यहां पीने का भरून ठेवलेला होता."

ते गेल्यावर मी वैशालीला म्हटलं, "बघितलंस? चोराच्या मनात चांदणं!"

"हो ना," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "चांगलं टिपूर पडलंय."

मंगळवारी कळलं की हसमुखभाईंनी सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहून दिलाय. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्यांना खरं सांगायचं, असं मी ठरवलं. अगदी नक्की ठरवलं.

पण सकाळ बुधवारची होती आणि बुधवारी पुरवणी निघायची! दुपारी ऑफिसातून मी अर्धी सुट्टी टाकून आलो. पाहिलं तर खरंच छापून आलं होतं, माझं नाव, बरोबर आडनावासकट. आनंदाने माणसाचं डोकं कसं फिरतं बघा. मी स्टॉलवरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या प्रती उचलल्या आणि गंगासागरच्या प्रत्येक दारात स्वतःच्या हाताने टाकल्या. लेखाखाली पेनने रेघ मारून!

लेख मी पुन्हा वाचला नाही. आपणच लिहिलेला, त्यात काय वाचायचं?

संध्याकाळी कंपाउंडमध्ये राजीनाम्यावर बोलायला मंडळी जमली होती. हसमुखभाईंना मराठी बोलता येतं, वाचायचा कंटाळा. ते अण्णांना म्हणाले, "तुमच्या मुलाचा पेपरमां आला ने? वाचून दाखवा, सगळे ऐकतील." मी जिन्यातच होतो. पण अण्णांनी चष्मा चढवला होता आणि लेखात त्यांचाही उल्लेख होता. त्यांना आता कोणी थांबवू शकलं नसतं.

"'रविवारी दुपारी तीन वाजता मी या उजाड जगात शिरलो,'" अण्णा खणखणीत आवाजात वाचू लागले, "'आणि संध्याकाळी पाचपर्यंत खुर्चीवरून एकदाही उठलो नाही.'"

कोणीतरी खोकलं.

"'पण या गेमचं खरं यश आहे पाण्याचा आवाज. पावणेचारच्या सुमारास कुठलासा गुप्त झरा कोसळू लागतो तो थांबतच नाही! माझे वडील म्हणाले, हे पाणी खरंच पडतंय...'"

इथे अण्णा थांबले. तीस वर्षं दुसऱ्यांची तिकिटं तपासलेल्या माणसाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दिलीप," ते हळूच म्हणाले, "तू विदाऊट आहेस रे."

मी जिन्यावरून खाली आलो आणि जे होतं ते सगळं सांगितलं, आगाऊ सहीसकट. हसमुखभाईंची हात जोडून माफी मागितली. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"दिलीपभाई, तीन दिवसांपासून मैं सोचता होता, मीच झोपेत उठून चालू केला की काय! बायकोला बोललो, रात को मला बाहेरून कडी लावून घे!"

अख्खं कंपाउंड हसलं. मला हसू येईना. क्रोटनचं विचारलं तर त्यांनी सांगितलं की ते तांदूळ धुतलेल्या पाण्यावर वाढतात. त्यांचा राजीनामा एकमताने फेटाळला गेला, तुटलेल्या कुंड्यांच्या जागी मी नव्या आणून दिल्या, आणि दुसरा ठराव असा झाला की यापुढे पाळ्या बंद. पंप कायमचा माझ्याकडे. पंपासमोर स्टूल, स्टुलावर मी, पूर्ण चाळीस मिनिटं, वाचन-लेखनाला सक्त मनाई.

दिवाळीच्या सुमारास तो गेम बाजारात आला. पंधरा दिवसांनी उपसंपादक मित्राने मला एक पाकीट पाठवलं. वाचकांची सात पत्रं होती, सगळ्यांची एकच तक्रार. गेम उत्तम आहे, सगळं वाळवंट पालथं घातलं, पण तुम्ही लिहिलेला झरा काही केल्या सापडत नाही, कृपया नेमका पत्ता कळवावा. वाचकांना ताटकळत ठेवू नये म्हणून मी स्टुलावर बसूनच (मनाई मोडून) सातही पोस्टकार्डं लिहिली, "झरा गंगासागर बिल्डिंगच्या गच्चीवर आहे, इंद्रलोक, भाईंदर पूर्व. पण आता येऊ नका, तीन चाळीसला मी तो स्वतः बंद करतो, आणि सही त्यानंतरच करतो."