श्रीरंगकाकांची धार

बर्फ तंबूच्या कापडावरून सरसरत घसरतंय आणि दुपारच्या गरम खिचडीने हेमांगी डुंबरेचे डोळे मिटू लागलेत. स्पितीतल्या आडबाजूच्या या थांगर शिखरावर आजवर कुणीच पोचलेलं नाही. एक जपानी तुकडी अर्ध्यावरून परतली. नंतर जुन्नरचे श्रीरंगकाका पश्चिमेच्या डोंगरधारेने माथ्यापासून हाकेच्या अंतरावर पोचले, आणि वादळाने त्यांना परत फिरवलं. हेमांगीला कडे चढायला शिकवलं ते याच काकांनी. गेल्या वर्षी ते वारले. उद्या ती त्यांच्याच धारेने निघणार आहे. धार यंदा फार ठिसूळ झालीय, असं तिची जोडीदारीण उल्का सांगून थकली.

तंबूची चेन सरकते. काका वाकून आत येतात. पायात घरातल्या स्लिपर.

"काका, तुम्ही तर गेलात ना?"

"गेलो की. पण इथला माथा बघायचा राहिलाच होता!"

ती जागा करायला सरकते, तर दोघं काकांच्या ओसरीवर बसलेत. अंगणात पश्चिम धार उभी आहे आणि तिच्यावरून दगड कोंबड्यांसारखे तुरुतुरु खाली येतायत.

"इकडून जाणार तू?"

"तुमची धार आहे, काका. राहिलेली पुरी करायचीय."

काका खो खो हसतात. "माझी? सातबारा आहे का माझ्या नावावर? अगं, तेव्हा दक्षिणेकडे बर्फाचा कडा लटकत होता, म्हणून इकडून गेलो. तो कधीच कोसळला. वाट मोकळी आहे, आणि तू दगडांत निघालीस!"

"पण तुमच्यासाठी काहीतरी..."

"माझ्यासाठी जांभळं तोड."

ओसरीची पायरी उतरली की थेट दक्षिणेचा उतार. बर्फात जांभळीचं झाड, नुसतं लगडलेलं. काका फांदी वाकवतात, ती ओंजळ भरते. खाता खाता बिया लांब थुंकायची पैज लागते. काका जिंकतात आणि चक्क नाचतात.

"थांबा ना जरा."

"तू ये मागून. मी होतो पुढे." स्लिपर फटफटवत ते चढू लागतात. ना दोर, ना धाप.

"हेमे, चहा!" उल्का तिला हलवतेय.

हेमांगी ताडकन उठून बसते. "उल्का, उद्या दक्षिणेकडून जाऊ."

"देव पावला!" उल्का कप पुढे करते आणि मध्येच थबकते. "थांब. जीभ काढ बघू."

हेमांगी जीभ काढते. उल्का मोबाइलवर फोटो टिपून तिच्यापुढे धरते.

जीभ जांभळीशार आहे.