वाटीभर आणि तीस ग्रॅम

लताबाई गांगुर्डे नोटांच्या प्रेसमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत कुणाकडे लग्नपत्रिका छापून आली की आधी त्यांच्या डोळ्यांखालून जाते. नोटांचे ताव तपासण्यात एकतीस वर्षं गेलेली. रंग जरा सरकला, रेघ जरा फुगली, की ताव बाजूला.

अशा बाईची साखर वाढली. जेलरोडच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवली, साडेआठ. गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या तपासणीला खाली आली नाही तर इन्सुलिन सुरू करू, म्हणाले. लताबाईंनी तिथे शहाण्यासारखी मान डोलावली. रिक्षात मात्र सुनेचा, चैतालीचा, हात घट्ट धरून बसल्या. नवऱ्याला, धोंडीरामांना, शेवटची चार वर्षं त्यांनीच रोज सुई टोचली होती. पण दुसऱ्याला टोचणं वेगळं.

तोवर त्यांचा नाश्ता म्हणजे बाजरीच्या दोन भाकरी आणि लसणाची चटणी. चैतालीने त्याच संध्याकाळी लो-कार्ब सिरीयलचं खोकं आणलं. लताबाईंनी ते खिडकीपाशी नेऊन उलटंपालटं केलं आणि निकाल दिला, छपाई चांगली आहे, फक्त या पानाचा हिरवा रंग केसभर सरकलाय. मग नेहमीची स्टीलची वाटी शिगोशीग भरली, दूध ओतलं. दालचिनीचा वास, दाताखाली कुरकुर. आवडलं की त्यांना. आठवडाभर मनापासून खाल्लं.

रविवारी नाश्त्यानंतर दोन तासांनी चैतालीने यंत्रावर साखर बघितली. दोनशे सोळा.

"आई, किती घेता तुम्ही हे?"

"वाटीभर."

चैतालीने केकसाठी आणलेला वजनकाटा काढला. वाटीत भरले शहाऐंशी ग्रॅम. खोक्याच्या मागे लिहिलं होतं, एका वेळी तीस ग्रॅम. कर्बोदकांचा कमी आकडाही तेवढ्यापुरताच.

लताबाई ओशाळल्या. जन्म छापलेलं बघण्यात गेला, पण तपासताना वाचायचं नसतं; वाचत बसलं की डाग निसटतो. खोकंही त्यांनी तसंच बघितलं होतं. आता चष्मा लावून त्या पहिल्यांदा वाचायला बसल्या. सोयाबीनमधून काढलेलं प्रथिन, गव्हातून काढलेलं प्रथिन, मक्याचा स्टार्च, कसलासा तंतू, गोडी आणणारे दोन पदार्थ, वास, रंग. एकोणीस नावं झाली. हे सगळं कालवून यंत्रातून दाबून फुलवतात आणि वरून गोडीचा लेप देतात, हे चैतालीने फोनवर शोधून सांगितलं.

"मग यात धान्य कुठलं गं?"

"अख्खं असं कुठलंच नाही. पण नाव ओळखीचं नाही म्हणून ते विष नसतं, आई."

"विष कुठे म्हणतेय मी? माझी भाकरी बरी होती, एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हट्टाने दोन भाकरी खाल्ल्या आणि दोन तासांनी स्वतःहून बोट पुढे केलं. दोनशे अठ्ठेचाळीस. पट्टी खराब असणार म्हणून दुसरी लावायला सांगितली. दोनशे पंचेचाळीस. लताबाई मेथी निवडायला बसल्या, आणि निवडून झाल्यावर म्हणाल्या, भाकरी अर्धीच खाईन, थोडी मटकी भिजत घाल.

मग रोजचा नाश्ता ठरून गेला. आधी वाटीभर मटकीची उसळ आणि एक उकडलेलं अंडं, शेवटी अर्धी भाकरी. पहिल्याच दिवशी आकडा एकशे एकाहत्तरवर आला. उरलेलं सिरीयल धम्मपालने, म्हणजे त्यांच्या मुलाने, कामावर निघायच्या घाईत चार दिवसांत संपवलं. अकरा वाजता भूक लागते, अशी त्याची तक्रार.

तीन महिन्यांनी सरासरी सात पूर्णांक दोन आली. गोळ्या चालू ठेवा, सुईची आत्ता गरज नाही, डॉक्टर म्हणाले. लताबाईंनी लगेच विचारलं, मग पाऊण भाकरी चालेल का? अर्धीच, डॉक्टर हसून म्हणाले.

रिक्षा बिटको चौकात थांबली तेव्हा त्या सुनेच्या कानाशी लागल्या. "अर्धी म्हणाले ते. केवढ्या भाकरीची अर्धी, ते कुठे म्हणाले?"

चैतालीला हसू आवरेना. "चौदा एप्रिलला मोठी थापू, आई. बाकी दिवस आहे एवढीच."

लताबाईंनी बोटांवर महिने मोजले आणि कबूल केलं.