आजोबांची मैना

माझी आत्या नव्वदीला टेकली आहे. मागच्या दिवाळीला तिच्या अमरावतीच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो, तेव्हा तिने फराळाचं ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, "मले आता काही नोको. मैना कोन होती तेवढं शोधून द्या, मंग मी जायले मोकळी." आतेभावाच्या हातातली चकली हातातच राहिली. नव्या सुनेने विचारलं, "मैना कोण?" तिला कोणी उत्तर दिलं नाही, कारण या नावाचा उच्चार आमच्या घरात मोठी माणसं करत नसत.

सुनेला पुढे स्वयंपाकघरात मीच सगळं सांगितलं. आमचे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पलटणीत होते. भातकुलीकडच्या आमच्या गावातून पलटणीत जायची काही रीत नव्हती. आजोबा बडनेऱ्याला बैल विकायला गेले आणि भरती होऊन बसले. बैल शेजाऱ्याबरोबर परत आले. काही महिन्यांनी आजोबांचं पोस्टकार्ड आलं, ते ओसरीत बायकांसमोर वाचलं गेलं, आणि त्यात आजोबा एका मैनेसोबत सफर करत सुखात असल्याचं निघालं. मैना हे नाव तेव्हा आमच्याकडे तमाशातल्या बाईचं असायचं, घरंदाज बाईचं नाही. आजीने कोणाला काही विचारलं नाही. तीन वर्षांनी आजोबा धडधाकट परत आले, तेव्हाही विचारलं नाही. तिने फक्त त्यांच्याशी बोलणं सोडलं.

हा अबोला आजोबा मरेपर्यंत, चौतीस वर्षं टिकला. एका घरात, एका चुलीवर. "तुया बापाले सांग, भाकर वाढली हाय." बाप दोन हातांवर बसलेला. "तुया मायले सांग, ऐकलं म्हना." निरोप्याची ही नोकरी आधी आत्याने केली, तिचं लग्न झाल्यावर माझ्या वडिलांकडे आली. वडील लढाईनंतर जन्मलेले, म्हणजे अबोला सगळ्याच बाबतीत नव्हता, पण हे सुनेला सांगण्यासारखं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले की मीही ती नोकरी करायची.

एकदा मी नऊ वर्षांची असताना आजोबांनाच विचारलं होतं. पलटणीत सुरुंग उडवून त्यांचा उजवा कान गेला होता आणि डावा कामापुरता होता. मी डाव्या कानात ओरडले, "आजोबा, मैना कशी होती?" ते खूश झाले. म्हणाले, "कडक होती बापा! पन दोन टाइम पोटभर जेवू घातलं. बूट देल्ले. मानूस केलं मले तिनं." मी धावत जाऊन हे शब्दन् शब्द आजीला सांगितलं. आजीने पिठाचा हात परातीत आपटला आणि त्या दिवशी आजोबांना भाकरी वाढल्याचा निरोपही गेला नाही.

तर आत्याला आता उत्तर हवं होतं. आपला बाप आपल्या आईला सोडून कोणा बाईच्या नादी लागला होता की नाही, एवढंच. तिची नजर अधू झाली होती, गुडघे गेले होते, पण हे कळल्याशिवाय ती डॉक्टरकडेही जाईना. औषधाची गोळी हातावर ठेवली की म्हणायची, "आदी मैना."

आतेभाऊ पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालेला. त्याला काम हवंच होतं. त्याने मोबाइलवर घराण्याचा गट काढला, त्याला 'शोध मैनेचा' असं नाव दिलं, आणि तिसऱ्या दिवशी बायकोने झापल्यावर ते बदलून 'आजोबा युद्धसेवा संशोधन' केलं. मग त्याने सरकारी कार्यालयात अर्ज केला. कार्यालयाने सैनिक क्रमांक मागितला. क्रमांक कुठे मिळेल, असं याने विचारलं, तर सैनिकाच्या नोंदवहीत मिळेल, असं उत्तर आलं. नोंदवही पाहायला मिळेल का? मिळेल, क्रमांक दिल्यास. खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. त्याने नव्याने अर्ज केला आणि माहिती मागण्याचं कारण या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, "मैना कोण होती हे जाणून घेणे."

महिन्याभराने शिक्का मारलेलं उत्तर आलं: सदर नावाची महिला या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.

"पाहा!" आतेभावाने मला अकोल्याला फोन केला. "आढळून येत नाही म्हन्तेत. म्हंजे होती. नसती तं नाही म्हनले असते."

मी अकोल्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवते आहे. वाक्याचा असा अर्थ माझ्या वर्गातल्या पोराने लावला असता तर मी त्याला उभं केलं असतं. पण खरं सांगायचं तर मलाही मैना हवी होती. ब्रह्मदेशातल्या लाकडी घरात राहणारी, केसात फूल माळणारी. आजोबांसारख्या गरीब, बहिऱ्या, बिडी पिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एक तरी भानगड असावी असं मला मनातून वाटत होतं, आणि आजीचा अबोला वाया गेला नाही एवढं तरी ठरलं असतं.

मग पातूरचा माणूस सापडला. गटातल्या कोणी तरी आणखी कुठल्या गटावर आजोबांचं नाव टाकलं होतं, त्यावर त्याने कळवलं की त्याचे आजोबा आणि आमचे आजोबा एकाच पलटणीत पूल बांधत होते, आणि "मैनेचा फोटो आमच्याकडे आहे." आतेभाऊ दुसऱ्याच सकाळी अमरावतीहून अकोल्याला आला आणि मला शाळेतून अर्ध्या रजेवर काढून पातूरला घेऊन गेला. वाटेत त्याने आरशात पाहून दोनदा भांग पाडला. मीही केस नीट केले, का ते माहीत नाही.

पातूरच्या घरात आम्हाला पाटावर बसवलं, चहा दिला, आणि देवघराच्या बाजूचा फोटो काढून हातात ठेवला. हाफपँटमधली सहा माणसं. डावीकडून दुसरे आमचे आजोबा, इतके तरणे की मला लाजल्यासारखं झालं. मधोमध एक खेचर. खेचराच्या कपाळावर, म्हणजे काचेवर, हळदकुंकवाचा जाड थर.

"मैना कोनती?" आतेभावाने माणसामाणसांमधल्या फटीत बाई शोधत विचारलं.

"हे काय," घरमालकाने खेचरावर बोट ठेवलं. "इनं आमच्या आज्याले नदीतून वढून काढलं. आमी पोळ्याले बैलासंगं इची बी पूजा करतो. पुरनपोळीचा निवद दाखवतो." त्याची बायको आतून म्हणाली, "पह्यले फोटोले, मंग बैलाले."

आतेभावाचे डोळे भरून आले. ऐंशी वर्षांचा कलंक एका खेचराने धुऊन काढला होता. त्याने तिथूनच आत्याला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि ओरडला, "माय! मैना बाई नोती वं! खेचर होतं!"

पलीकडून आत्या म्हणाली, "खेचरापायी मायी माय चौतीस वर्षं बोलली नाही?" आणि फोन बंद झाला.

पातूरकरांना हे आवडलं नाही. त्यांच्या देवाला कोणी खेचर म्हणावं हे त्यांना खपण्यासारखं नव्हतं. वातावरण सावरायला मी उगाच फोटो उलटा केला. मागच्या पुठ्ठ्यावर शाईने लिहिलं होतं: सफरमैना. जुनं वळणदार अक्षर, त्यांच्या आजोबांचं. मी वाचलं आणि फोटो परत दिला. मग पुन्हा मागून घेतला.

वहीवर दोन शब्दांवर एकच रेघ ओढली म्हणून मी पोरांना हजार वेळा लाल शाई लावली असेल. दोन शब्द असतील तर शिरोरेषा मध्ये तुटते. ही तुटली नव्हती. स पासून ना पर्यंत एका हाताने ओढलेली सलग रेघ. सफर नव्हती. मैनाही नव्हती. एकच शब्द होता, आणि तो मला येत नव्हता.

शाळेत परत आले ती सरळ ग्रंथालयात गेले. दरवर्षी जूनमध्ये मी पोरांना सांगते, अडलं की शब्दकोश पाहा. आमच्या शाळेच्या शब्दकोशावर इतकी धूळ होती की शिपायाने तो आधी व्हरांड्यात झटकून आणला. सफरमैना होता. रस्ते करणारी, पूल बांधणारी, सुरुंग लावणारी फौज. गोरे साहेब म्हणायचे सॅपर्स अँड मायनर्स, आपल्या शिपायांच्या तोंडी त्याचं झालं सफरमैना. अख्ख्या पलटणीचं नाव. कडक होती, दोन टाइम जेवू घालायची, बूट द्यायची. मी ग्रंथालयात एकटीच मोठ्याने हसले, आणि मग मला आजीची परात आठवून फार वाईट वाटलं. एकतीस वर्षं मराठीचा पगार घेणाऱ्या नातीला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने अमरावतीला गेले. मूर्तिजापूरला गाडी उगाच थांबली, तेव्हा मी आत्याला कसं सांगायचं याची मनात उजळणी केली. मी फार आनंदात होते. माझ्या पिशवीत तिच्या बापाची सुटका होती.

आत्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. आतेभाऊ खुर्ची ओढून बसला, त्याची बायको दारात उभी राहिली. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं, सफरमैना, आणि वर्गात समजावते तसं समजावलं. हा एक शब्द आहे. बाई नाही, खेचर नाही, पलटण आहे. आजोबा पूल बांधत होते. आजोबांनी काहीही केलं नव्हतं.

"हाऊ!" आतेभाऊ म्हणाला. "म्हंजे आबा साफ सुटले!"

आत्याने कॅलेंडर हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. बोट रेघेवरून डावीकडून उजवीकडे फिरवलं, एकदा, दोनदा.

"मंदी तोडाचं नाई?" तिने विचारलं.

"नाही आत्या. एकच शब्द."

"सफर... मैना... असं नाई."

"नाही."

तिने कॅलेंडर मांडीवर ठेवलं. मला वाटलं, रडेल आता, हलकी होईल. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला नाही. म्हणाली, "गुर्जी नोते गावात तवा. लगनाले गेल्ते. मी दुसरीत होती. माय म्हने, वाच वं, तुले येते ना. बाया जमल्या होत्या समद्या. म्या अक्षर लावून लावून वाचलं."

आतेभावाच्या बायकोने दाराची चौकट धरली.

"मी आदी म्हनलं सफर. मंग दम घेतला. मंग म्हनलं मैना. सुखात हाय, म्हनलं. बाया हासल्या. म्या बी हासली. मले वाटलं चांगलं वाचलं म्हनून हासल्या."

मी शिक्षिकेसारखं बोलायला लागले. सातव्या वर्षी मुलं अशीच तोडून वाचतात, सगळी तोडतात, तुझा काय दोष. बोलता बोलता मला माझीच चीड आली. पंधरा मिनिटांपूर्वीपर्यंत ही म्हातारी बापाच्या चुकीचं ओझं वाहत होती. मी अकोल्याहून गाडीने येऊन ते उतरवलं आणि तिथेच तिचं तिला दिलं.

आत्याने उशीचा अभ्रा उसवल्या बाजूने उघडला, आत हात घातला आणि एक पोस्टकार्ड काढलं. घड्या पडलेलं, तपकिरी. आतेभाऊ उठून उभा राहिला. "माय! हे तुयापाशी होतं?" तीन तालुके, दोन अर्ज आणि एक खेचर त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"माय गेली तवा तिच्या पेटीतून घेतलं म्या," आत्या म्हणाली. "तवा बाया हासल्या अन् माय आत निंगून गेली, तं पुढचं वाचाचं राह्यलंच. मंग भेव वाटलं. पुढं मैनेचं अजून काही असंन तं? तुमी बाहेरून काही काढलं असतं, तं हे वाचा लागलं नसतं." तिने कार्ड माझ्याकडे दिलं. "वाच. मले दिसत नाही आता."

आजोबांचं अक्षर चौथी पास माणसाचं, एकेक अक्षर नांगर धरल्यासारखं दाबून काढलेलं. मी वाचलं. "मी इकडे सफरमैनात सुखात आहे. पूल बांधायचे शिकून राहिलो. बैल पोचले का कळव. पोरीला शाळेतून काढू नको. माझी पत्रं गुर्जीकडून नको, तिच्याकडूनच वाचून घेत जा. चुकली तर रागावू नको, लहान आहे."

मी थांबले. पुढे फक्त सही होती.

आत्याने मान हलवली, जणू मी विचारलेल्या प्रश्नाला ती होकार देत होती. "नाई रागावली," ती म्हणाली. "बाबावर जलमभर रागावली. मले नाई रागावली माय, कदीच."