डिस्चार्जची जिलबी

आमच्या गावच्या बडा फुहारा चौकात खव्याच्या जिलबीचा वास आला, की मी आजही रस्ता बदलते. बाबा तोफांच्या फॅक्टरीत होते आणि छातीच्या दुखण्यानं दोन महिने फॅक्टरीच्याच दवाखान्यात पडून होते. मी कॉलेजात इंग्रजी शिकत होते, म्हणजे आमच्या सगळ्या दीक्षितपुरा मोहल्ल्याला इंग्रजी मीच पुरवत होते म्हणा ना! एका सकाळी फॅक्टरीचं पत्र आलं. त्यात ‘डिस्चार्ज’ हा शब्द दिसताच मी अशी ओरडले, की पार गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गोरखपुरातली कबुतरं उडाली. “आई, बाबांना डिस्चार्ज मिळाला!” आईनं किलोभर जिलबी आणवली. शेजारच्या भाभी म्हणाल्या, “बधाई हो दीदी, अब घर में रौनक आएगी!” जिलबी आणि पत्र घेऊन आम्ही दवाखाना गाठला. “काहून जिलबी वाटून राहिली?” बाबांनी आईला विचारलं. “तुम्ही घरी येऊन राहिले न, म्हणून!” बाबांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग ते माझ्यापुढे धरून त्यांनी ‘डिस्चार्ज’च्या पुढच्या ओळीवर नुसता अंगठा ठेवला. तब्येतीमुळे कामास अयोग्य, म्हणून नोकरीतून डिस्चार्ज. त्यांनी पत्राची घडी उशीखाली सरकवली. “बरोबर वाचलं पोरीनं,” ते आईला म्हणाले, “दे एक.” आई किती दिवसांनी हसली, आणि तिनं माझ्याही हातात जिलबी ठेवली. ही गोष्ट सांगताना मी नेहमी म्हणते, की मी सात जिलब्या हाणल्या. खरं म्हणजे अर्धीही गिळता आली नाही.