कुंदनला टोचलेली सुई

मखमलाबादच्या शिवारात नवसाबाईचं एकरभर फुलांचं रान होतं. झेंडू, शेवंती आणि बांधाकडेला गुलाब. नवरा तरुणपणीच गेला. एकुलत्या एका मुलाला, कुंदनला, तिनं डोक्यावर पाट्या वाहून वाढवलं, त्याचं लग्न केलं. १९९७ साली कुंदनला मुलगी झाली. तिचं नाव साई.

त्याच वर्षी थंडीत एका सकाळी पिसाळलेलं कुत्रं मळ्यात शिरलं. शेजारच्या लहानूच्या हाताचा त्यानं लचका तोडला आणि त्याला सोडवायला धावलेल्या कुंदनच्या पोटरीला दात लावले. लहानू हट्टी गडी, एका मांत्रिकाकडून दंडात दोरा बांधून आला. कुंदनही दवाखान्यात जायला तयार होईना. तेव्हा कुत्रं चावल्यावरची लस रोज पोटात टोचायचे आणि त्या दुखण्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या.

“आई, लहानूकाका गेला का दवाखान्यात? मंग मलाच कशाला?”

“त्याचं त्याला. तू चल. सुईनं काय होत नाय.”

मनगट धरून तिनं त्याला बसमध्ये बसवलं. रोज घेऊन जायची, परतताना ऊस घेऊन द्यायची, लहान पोराला द्यावा तसा.

सुया संपायच्या आतच कुंदनला ताप आला. शेवंती तोडता तोडता तो वाफ्यातच खाली बसला. “आई, छातीवर कुणी दगड ठेवल्यावानी वाटतंय.” ओठ निळसर झाले होते. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे.

“सुईनं झालं का, साहेब?”

“असू शकतं. फार क्वचित होतं. दुसऱ्या कशानंही झालं असेल, खात्रीनं नाही सांगता येत. पण बाई, ते कुत्रं पिसाळलेलं होतं. लस दिली नसती तर...”

पुढचं तिला ऐकूच गेलं नाही. ‘असू शकतं’ एवढंच कानात राहिलं. तिसऱ्या दिवशी कुंदन गेला.

गाव म्हणालं, आईनंच ओढत नेलं. सून सुवर्णा त्या दिवसापासून सासूच्या नजरेला नजर देईना. सगळ्यात वाईट म्हणजे समोर लहानू. दंडाला दोरा बांधून ताठ चालायचा, मोठमोठ्यानं हसायचा. त्याला पाहिलं की नवसाबाई तोंड फिरवायची. हा कसा जिवंत, असं तिच्या मनात यायचं आणि मग स्वतःचीच शिसारी यायची.

होळी जवळ आली तेव्हा लहानूच्या घरून ओरडा ऐकू आला. पाण्याचा तांब्या समोर धरला तरी त्याचा गळा आवळत होता, वारा लागला तरी अंग झटके खात होतं. दोन दिवसांत तो गेला. तिरडी बांधताना लोक नवसाबाईकडे चोरून बघत होते. तिची बाजू खरी ठरली होती, पण ती मान खाली घालून घरात शिरली. आपणच त्याचं मरण मागितलं, असं तिला वाटलं.

मग कुंदन दिसायला लागला. भर दुपारी, शेवंतीच्या ओळींत, पाठमोरा, एक हात छातीवर. ती हाक मारायची नाही. हाक मारली तर तो वळेल, आणि वळला तर विचारेल, ही भीती.

अशी वर्षं गेली. २००६ साली शाळेतून येताना साईला भटकं कुत्रं चावलं. सुवर्णानं पोरीला पोटाशी धरलं, दाराला आतून कडी लावली.

“सुई नाय देणार मी हिला. एक माणूस दिला तेवढा बास.”

नवसाबाई दाराबाहेर जमिनीवर बसली. तिनं दाराला कपाळ टेकलं. शेवटी म्हणाली, “सुवर्णा, मला पण भ्या वाटतंय. लय भ्या वाटतंय. पन मी लहानूला मरताना पाह्यलंय.”

बऱ्याच वेळानं कडी निघाली.

जुनी लस आता बंद झाली होती. नवी दंडात देत, तीही थोड्याच वेळा. “आजी, दुखंल का?” साईनं विचारलं. “दुखंल थोडं,” नवसाबाई म्हणाली. प्रत्येक सुईनंतर दोघी बायका पोरीच्या श्वासाकडे बघत बसायच्या. साईला काही झालं नाही. ती पळत शाळेत जायला लागली.

शेवटची सुई झाली त्या दिवशी, दवाखान्याबाहेर बसची वाट बघताना, सुवर्णा एकदम म्हणाली, “आत्याबाई, तुम्ही शेवंतीत कुणाला बघत उभ्या राहता ठाऊक हाय मला. मला पण दिसतात ते.”

“कुठं?”

“फुलं तोडताना.”

नवसाबाईनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. बस आली, साई खिडकीची जागा धरायला पुढं धावली. दोघी एकमेकींना आधार देत पायरी चढल्या.