वाऱ्याचा बोर

आमच्या रानात एक बोर आहे, तो श्वास घेतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं.

बोर घेतला तेव्हा पाणाड्यानं ओढ्याकडची जागा दाखवली होती. मी म्हणालो, रान माझं, जागा मी ठरवणार. वरच्या खडकाळीत पाय आपटला आणि इथंच पाडा म्हणालो. साडेचारशे फूट खाली गेलो, नुसता फुफाटा निघाला. गावातली माणसं म्हणाली, "म्हातारा पाण्याला गेला अन् वाऱ्याचा बोर घेऊन आला." मी बोराच्या तोंडावर दगड ठेवला आणि तिकडं बघणं सोडलं.

पण त्यांचं बोलणं खरं निघालं. एकदा सकाळी खांद्यावरचा टॉवेल त्या दगडापाशी ठेवून भाकरी सोडली. बघतो तर टॉवेलाचं टोक फटीत गेलेलं. ओढायला गेलो तर जड लागलं, खालून कुणी धरल्यासारखं. दुपारी उलटं व्हायचं. चैताच्या उन्हात झाडाचं पान हलत नसताना त्या फटीतून गार हवा यायची, ओल्या दगडाच्या वासाची, आणि बारीक शिट्टी वाजायची. गवताला येणाऱ्या बाया तेवढा बांध सोडून द्यायच्या. आमचं कुत्रं लांबून वळसा घालायचं. मी भुताखेताला मानणारा नाही. तरी त्या फटीकडं पाठ करून मी कधी जेवलो नाही.

माझी सून इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. मुलगा श्रीगोंद्याकडं कारखान्यात, ती माझ्यापाशी राहून रोज बसनं जाते. तेव्हा तिची नोकरी नवी होती. एका रविवारी ती डबा घेऊन रानात आली आणि तिला शिट्टी ऐकू आली. दुसरी कुणी असती तर डबा टाकून पळाली असती. हिनं दगड सरकवला आणि बोरावर तळहात धरून बसली.

"मामा, हे कधीपासून चाललंय?"

"बोर घेतला तवापासून."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगून काय करू? नारळ फोडू?"

ती हसली नाही. म्हणाली, "खाली खडकात पोकळ्या आहेत. पूर्वी तिथं पाणी असायचं, आता हवा आहे. सकाळी वरची हवा जड होते, ती आत शिरते. दुपारी हलकी झाली की आतली बाहेर येते. खाली किती रिकामं झालंय, ते हा बोर सांगतोय."

मला ते कळलं, पण कळल्यावर जास्तच कसंतरी वाटलं. जन्मभर ज्या रानात नांगर धरला, ते खालून पोकळ. त्या दिवसापासून चालताना पाय जपून पडायला लागला.

विज्ञान आणि इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या, नोकरीत नव्या असलेल्या बायांसाठी एक फेलोशिप असते. ती मिळाली की शिकवायचे तास कमी होतात, यंत्रं मिळतात, आपलं संशोधन करता येतं. वर्षभरानं तपासायला माणसं येतात. काम पटलं तर पुढं, नाहीतर बंद. सुनेनं आमच्या बोरावर अर्ज केला आणि तिला ती मिळाली. कॉलेजात परीक्षेच्या याद्या, पाहुण्यांचं चहापाणी, सगळं हिच्याच गळ्यात असायचं. मला म्हणाली, "मामा, 'तुला काय शोधायचंय?' असं मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

तिनं बोरावर हवा मोजायचा एक छोटा पंखा बसवला. त्यावर आकडा उमटायचा. सकाळी आठ आणि दुपारी दोनला तो वहीत लिहायचं काम माझं. मी तिसरीतनं शाळा सोडून आईबापामागं कोपरगावकडं ऊसतोडीला गेलेला माणूस, पण माझे आकडे कोरीव. ती एवढंच म्हणाली, "पंखा थांबला तर शून्य लिहा. शून्यसुद्धा मला पाहिजे." मी हूं म्हणालो.

आठ महिने मी एक वेळ चुकवली नाही.

पावसाळा उतरणीला लागला होता. एका सकाळी पंखा फिरेना. फुंकर मारली तर फिरला आणि पुन्हा थांबला. जमिनीवर पालथा पडून बोराला कान लावला. काही नाही. त्या शिट्टीची मला इतकी सवय झाली होती की ती नसताना रान माझंच आहे का असं वाटायला लागलं. दुपारी बघतो तर कुत्रं बोराला अंग लावून निजलेलं.

आमच्यात खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. कणगी रिकामी झाली तरी संपलं म्हणत नाहीत. आणि मी सुनेच्या वहीत शून्य लिहू? तिची फेलोशिप त्या श्वासावर, आणि तो गेला असं माझ्या हातानं लिहू? मी आदल्या दिवसाचा आकडा लिहिला. वाटलं, उद्या येईल. उद्याही आला नाही. मग थोडा कमीजास्त करून लिहीत गेलो. तिनं वही बघितली की मी दुसरीकडं बघायचो.

तपासणीला दोन मॅडम आणि एक सर आले. सून त्यांना बोरापाशी घेऊन गेली. पंखा थांबलेला. मोठ्या मॅडमनी वही चाळली, मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"बाबा, आजचा दोनचा आकडा लिहिलाय. अजून पावणेदोनच झालेत."

तो मी सकाळीच लिहून ठेवला होता. गडबडीत राहायला नको म्हणून.

सुनेनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. अनोळखी माणसाकडं बघावं तसं.

"मी लिवलं," मी म्हणालो. "बोर बंद पडलाय. तिला ठावं न्हाई. हे सगळं माझं काम हाय."

"कधीपासून?"

"अकरा दिवस झालं."

"नक्की?"

मला नक्की म्हणता येईना. त्याच्या आदल्या दिवशी ताप आला होता, तेव्हाचे दोन आकडेही अंदाजाचेच होते. तेही सांगितलं.

त्यांनी बोरात मोजपट्टी सोडली. नव्वद फुटांवर ती ओली झाली. खालच्या पोकळ्या पाण्यानं भरल्या होत्या, म्हणून श्वास थांबला होता. ज्याला मी मरण समजलो, ते पाणी परत येणं होतं. आणि सून वर्षभर त्याच दिवसाची वाट बघत होती. तो दिवस कोणता, हे माझ्या वहीमुळं आता कुणालाच कळणार नव्हतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. फेलोशिप फक्त सहा महिने पुढं. वहीतला एकही आकडा धरायचा नाही, मोजणी कुलुपबंद डब्यातल्या यंत्रानं. ती मोजणी भरवशाची ठरली तर पुढचा विचार.  सून आधीसारखंच जेवायला वाढायची, मामा म्हणायची. मी मात्र रानातली बोराकडची वाट सोडली.

फाल्गुनात एका दुपारी पाय आपोआप तिकडं वळले. बोरावर यंत्राचा डबा होता, त्याच्या बाजूला मोकळी फट होती. मी हात धरला आणि तसाच उभा राहिलो. मग दुसऱ्या हातानं मोबाईल काढून सुनेला कॉलेजात फोन लावला.

"सूनबाई, बोर चालू झाला."

"कधी?"

"आत्ता बघतोय. पण आत वढतोय."

दुपारी हवा बाहेर येते हे तिनंच मला शिकवलेलं.

"मामा, अडीच वाजलेत."

"मला बी घड्याळ दिसतंय. हात धरलाय. आत वढतोय."

"शिट्टी?"

"न्हाई. आवाज न्हाई कसला. नुसता वढतोय."

डबा ती रविवारीच उघडते. तोवर त्या गोष्टीला माझ्या शब्दापलीकडं काही नव्हतं, आणि माझ्या शब्दाची किंमत काय ते दोघांनाही माहीत होतं. पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"थांबा," ती म्हणाली, "लिहून घेते. दुपारी अडीच, आत. कुणी सांगितलं तेही लिहिते." मग हळूच म्हणाली, "खालचं पाणी कुणीतरी उपसतंय, मामा. जोरात. पाण्यामागं हवा चाललीय. जवळ कुणाची मोटर चालू आहे?"

मी चारी बाजूंनी नजर फिरवली. सकाळपासून वीज नव्हती. कुणाच्याच रानात एकही मोटर चालू नव्हती, एक माणूसही दिसत नव्हता, आणि माझा तळहात त्या फटीवर गच्च ओढला जात होता.

तेही तिला सांगितलं. तिनं तेही लिहिलं.