लॉग वाचणाऱ्या वर्षावहिनी

वर्षावहिनींकडे कुणी कॉम्प्युटरचं रडगाणं घेऊन गेलं, की त्या हात वर करून त्याला मध्येच थांबवायच्या. "आधी लॉग दाखवा, मग दुःख सांगा." लॉग म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच ठेवलेली दिवसभराची नोंद. अमुक वाजता हे काम घेतलं, तमुक वाजता ते थांबवलं, अशा शेकडो कंटाळवाण्या ओळी. आम्ही इंजिनीअर मंडळी त्यातली शेवटची लाल ओळ तेवढी बघतो. वहिनी पहिल्या ओळीपासून वाचत यायच्या, बोट स्क्रीनवर टेकवून, ओठ हलवत. त्या बोटाचे ठसे माझ्या स्क्रीनवर उमटायचे आणि मला राग यायचा. खरं सांगायचं तर राग ठशांचा नव्हता.

वहिनी म्हणजे माझा सहकारी विनय याची बायको. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत विनय आणि मी शेजारशेजारच्या खोल्यांत बसायचो. लग्न होऊन त्या मिरजेहून इथे आल्या. तिकडे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांनी नऊ वर्षं रक्त तपासलं होतं. इथे त्यांच्या तिकडच्या डिप्लोम्याची आनेरकेनुंग, म्हणजे सरकारी मान्यता, मिळेपर्यंत लॅबचं दार बंद, आणि त्यांची कागदपत्रं कुठल्याशा आम्टात, सरकारी कचेरीत, पडून होती. "मिरजेत माझ्या सहीशिवाय रिपोर्ट हलायचा नाही, भावजी," त्या मला म्हणायच्या, "आणि इथे मी बेकरीत पाव मागितला तर बाई दोनदा विचारते, काय पाहिजे म्हणून." दिवसभर घरात बसून त्या कंटाळल्या होत्या. त्यांना काम हवं होतं, काहीही काम.

माझा एक छंद आहे. घरचा कॉम्प्युटर रिकामा असताना त्याची ताकद शास्त्रज्ञांना द्यायची. त्यांचा सर्व्हर गणितांचे छोटे छोटे तुकडे पाठवतो, आपलं यंत्र ते सोडवून परत पाठवतं. कुणी प्रथिनांचा अभ्यास करतं, कुणी ताऱ्यांचा. जर्मनीभर विखुरलेल्या मराठी लोकांची आमची एक टीम होती, तिचा एक चर्चेचा बोर्ड होता आणि त्यावर सगळ्यात वर मी लिहिलेली मार्गदर्शिका होती. कारण आपल्या यंत्रात कुठलं काम प्रोसेसरने करायचं, कुठलं ग्राफिक्स कार्डने आणि कुणी कधी थांबायचं, याच विषयात माझी डॉक्टरेट आहे. टीममध्ये कुणाचंही अडलं, की "मंदारला विचारा" असं म्हणत. हे दोन शब्द मला फार गोड लागायचे. वहिनींचा वेळ जावा म्हणून एका रविवारी मीच विनयच्या जुन्या यंत्रावर ते सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्याही टीममध्ये आणि बोर्डावर आल्या. तेव्हा मी स्वतःला फार उदार समजत होतो.

तीन-चार महिन्यांनी इंगोलश्टाटच्या एका गृहस्थांनी बोर्डावर लिहिलं, की त्यांचं ग्राफिक्स कार्ड दुपारी काम सोडून देतं. मी त्यांना कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदलायला लावलं, मग केबल, मग वीजपुरवठ्याचा डबा. काही फरक नाही. वहिनींनी लॉग मागवला, वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे भारतातून कुणी आलंय का?" गृहस्थ चाट पडले. त्यांच्या आई आल्या होत्या. वहिनींना लॉगमध्ये दिसलं होतं, की रोज दोन ते चार या वेळात 'कॉम्प्युटर वापरात आहे, काम थांबवतो' अशी ओळ येते, शनिवार-रविवारी मात्र येत नाही. शनिवार-रविवारी मुलगा घरी असतो. बाकीच्या दिवशी माउली त्याच यंत्रावर मालिका बघत बसायची, आणि कुणी माऊस हलवला की कार्ड आपलं काम सोडून बाजूला होई. बोर्डावर हास्याचा नुसता पूर लोटला. मीही हसण्याची खूण टाकली. पोटात मात्र असं दुखलं, की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्यावरच बोट ठेवलं. टीममधल्या बऱ्याच जणांचं कार्ड रखडत होतं आणि ते का, हे मला सापडत नव्हतं. वहिनींनी मला फोन केला, बोर्डावर लिहिलं नाही. "भावजी, तुमच्या लेखात लिहिलंय, प्रोसेसरचे सगळे कोर, म्हणजे त्याचे सगळे हात, कामाला लावा. सगळेच पंगतीला बसले तर वाढणार कोण? कार्डाला खायला घालायला एक कोर मोकळा ठेवायला नको का?" ज्या विषयात मी चार वर्षं घालवली, त्याची इतकी साधी गोष्ट मी विसरलो होतो. "लेख तुमचा आहे, तुम्हीच बदला," त्या म्हणाल्या. "मी कुणाला सांगितलेलं नाही." मी बदलला. त्यांचं नाव टाकलं नाही. सगळ्यांनी माझे आभार मानले आणि त्यांत वहिनीही होत्या.

त्याच महिन्यात संस्थेच्या मोठ्या यंत्रांवरही हाच घोळ निघाला. मी एक कोर मोकळा ठेवला आणि कार्डं धावायला लागली. आमच्या विभागप्रमुख फ्राऊ केलर माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर, किती साधं होतं. आणि आम्ही महिनाभर शोधत होतो." ते कौतुक मी सगळंच्या सगळं ठेवून घेतलं. जाता जाता त्या म्हणाल्या, "या यंत्रांवरच्या कामांची रांग सांभाळायला अर्धवेळ माणूस घ्यायचाय. पदवी कुठलीही चालेल, चिकाटी हवी. कुणी माहीत आहे का?" त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर एकच बोट आलं, स्क्रीनवर टेकलेलं. "विचार करून सांगतो," मी म्हणालो.

जाहिरात निघायच्या आधीच विनयकडून वहिनींच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्या फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. डिप्लोमा, अनुभवाचं पत्र, फोटो, सगळं नीट लावलेलं. "आल्झो, तर मग भावजी, मी अर्ज करू का? तुम्ही म्हणाल तसं." मी फाइल चाळत बसलो. त्या इथे आल्या, तर लोक त्यांच्या दाराशी उभे राहणार आणि माझ्या खोलीवरून पुढे जाणार, एवढंच मला दिसत होतं. "जर्मन सी-वन लागतं," मी म्हणालो. "त्याखाली ते बघतच नाहीत." त्या वेळी त्या दोन पायऱ्या खाली, बी-वनच्या वर्गात होत्या. त्यांनी फाइल पिशवीत परत घातली. "बरं झालं तुम्हाला विचारलं. नाहीतर उगीच हसं झालं असतं." फ्राऊ केलरना मी सांगितलं, की माझ्या माहितीत कुणी नाही. त्या जागेवर ब्राझीलहून तियागो आला. मुलगा गुणी होता, पण लॉग शेवटून वाचायचा.

वहिनींनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून जर्मनचा धसका नव्हे, ध्यास घेतला. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांवर शब्दांच्या चिठ्ठ्या, बसमध्ये कानात धडे, खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंशी रोज अर्धा तास गप्पा. एकीकडे बोर्डावर लोकांचे लॉग वाचणं चालूच. मी आठ वर्षं इथे राहून दुकानात बोटाने दाखवून काम भागवतो, आणि या बाई घरमालकाशी फोनवर भांडायला लागल्या. विनयला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटत होतं.

दीडएक वर्षाने संस्थेच्या झोमरफेस्टला, उन्हाळ्यातल्या मेजवानीला, त्या मोठा डबा भरून भडंग घेऊन आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, सी-वन झालं. आता जागा निघाली की सांगा हं." मी मान डोलावली. तेवढ्यात हिरवळीवर इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर तियागोवर उखडला. विजेची वायर लोकांच्या पायात टाकली म्हणून. तियागो नुसता हसत उभा, त्याला एक अक्षर कळत नव्हतं. वहिनी मध्ये पडल्या, त्याचं याला इंग्रजीत सांगितलं, याचं त्याला जर्मनमध्ये, आणि दोघंही शांत झाले. मग त्यांनी तियागोला सहज विचारलं, की तू इथे काय करतोस. त्याने सांगितलं. "आणि जर्मनशिवाय कसं चालतं?" "मला कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला.

फ्राऊ केलर जवळच होत्या. त्या वहिनींना म्हणाल्या, "विनय सांगत होता, तुम्ही लॉग फार छान वाचता. मग आमच्याकडे अर्ज का नाही केलात?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्या वेळी माझं जर्मन कच्चं होतं," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "पण त्या जागेला जर्मन लागतच नव्हतं," फ्राऊ केलर म्हणाल्या. "हो का," वहिनी म्हणाल्या. "माझा गैरसमज झाला असेल."

नंतर भडंगाची बशी माझ्या हातात देताना त्या मराठीत बोलल्या. रक्त घेण्याआधी पेशंटला काही खाल्लंय का विचारावं, तसा सूर. "मी तिथे यावं असं तुम्हाला वाटत नव्हतं, एवढं सांगितलं असतंत तरी चाललं असतं, भावजी. मी अर्ज केला नसता. खोटं कशाला बोललात?" त्या डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या.

शरद ऋतूत विनयला गेर्लिंगेनला नोकरी लागली. वहिनींची आनेरकेनुंगही त्याच सुमारास आली आणि तिकडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबने त्यांना बोलावून घेतलं. ते घर सोडणार त्या दिवशी मी सामान उतरवायला गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो, वाक्य ठरवून. वर पोचलो तर वहिनी घरमालकाशी बोलत होत्या. भिंतीवरचा ओरखडा आपण राहायला येण्याआधीचा आहे, हे त्या त्याला हसतखेळत पटवून देत होत्या, आणि तोही हसत मान्य करत होता. मी दारात उभा राहून ऐकत होतो. एवढ्या थोड्या काळात किती शिकली ही बाई, असं मनात आलं आणि पोटात पुन्हा तेच दुखलं. ठरवलेलं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. वहिनींनी मला पाहिलं, "या भावजी," म्हणाल्या आणि पुन्हा मालकाकडे वळल्या. मी समोरचं खोकं उचललं आणि मुकाट्याने जिना उतरलो.